व्हॉल्वची सीट आणि पेट्रोलमधले शिसे

इंजिनाचा आवाज कमी झाला तर गाडीमालकाला आनंदच होतो. माझ्या मामांनाही झाला होता. गोष्ट २००१ सालच्या उन्हाळ्यातली. मामा अमरावतीला राहत आणि कामानिमित्त जुन्या ॲम्बेसेडरने आठवड्यातून एकदोनदा अकोल्याला येत. गाडीच्या टॅपेटची टकटक गल्लीच्या तोंडाशी ऐकू आली, की मामा आले हे आम्हां भावंडांना कळायचे. त्या उन्हाळ्यात टकटक थांबली. मामा खूश होते. आमच्या घराजवळच्या गॅरेजमधले मिस्त्री मात्र बॉनेट उघडून थोडा वेळ नुसते ऐकत उभे राहिले आणि म्हणाले, "सुधरली नाही जी ते. सीट बसली तिची. हेड खोला लागते."

सीट बसली म्हणजे काय झाले? त्यासाठी आधी व्हॉल्व पाहू. व्हॉल्व म्हणजे झडप. लांब दांडा आणि त्याच्या टोकाला बशी असा त्याचा आकार असतो. चार सिलिंडरच्या ॲम्बेसेडरमध्ये असे आठ व्हॉल्व असतात. प्रत्येक सिलिंडरच्या एका व्हॉल्वमधून पेट्रोल आणि हवेचे मिश्रण आत येते, दुसऱ्यातून (एक्झॉस्ट व्हॉल्वमधून) जळालेला वायू बाहेर जातो. बशीची तिरपी कडा हेडमधल्या तशाच तिरप्या कड्यावर टेकते. हे कडे म्हणजे सीट. इंजीन मिनिटाला ३००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक व्हॉल्व सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. एक्झॉस्ट व्हॉल्वची बशी तर ७०० अंश सेल्सिअसच्या आसपास तापते. ही उष्णता मुख्यतः सीटमधून हेडमध्ये आणि तिथून रेडिएटरच्या पाण्यात जाते. म्हणजे व्हॉल्व जेवढा वेळ मिटलेला असतो, तेवढाच वेळ त्याला निवायला मिळतो.

दांड्याचे वरचे टोक आणि त्याला दाबणारा रॉकर यांच्यात कागदाच्या तीन-चार पानांइतकी फट मुद्दाम ठेवलेली असते, कारण तापल्यावर दांडा लांबतो. टकटक होते ती या फटीमुळे. सीट झिजली, की व्हॉल्व हेडमध्ये वर सरकतो, दांड्याचे टोकही वर येते आणि फट नाहीशी होते. आवाज बंद! पण आता व्हॉल्व पूर्ण मिटत नाही, निवत नाही, आणि कडेतून निसटणाऱ्या ज्वाळेने जळू लागतो. मामांची गाडी गप्प झाली होती ती यामुळे.

हेड उतरवताना मी दिवसभर तिथेच होतो. गाडी पूर्ण थंड होईपर्यंत मिस्त्री नटांना हात लावेनात. गरम हेड खोलले तर ते वाकते. मग नट एकदम न काढता आळीपाळीने थोडे थोडे सैल केले. हेड टेबलावर पालथे ठेवल्यावर त्यांनी एका पुठ्ठ्याला आठ भोके पाडून त्यांना आकडे घातले. शिकंज्याने स्प्रिंग दाबायची, दांड्यावरची दोन अर्धगोल लॉक चिमट्याने काढायची, स्प्रिंग हलकेच सोडायची आणि व्हॉल्व त्याच्या आकड्याच्या भोकात खोचायचा. प्रत्येक व्हॉल्व आपल्याच सीटशी जुळलेला असतो, त्यांची अदलाबदल करून चालत नाही. प्रयोगशाळेत नमुन्यांवर चिठ्ठ्या लावण्याची शिस्त मी पुढे शिकलो, पण पहिल्यांदा पाहिली ती इथे.

पुढचे काम व्हॉल्व घासण्याचे. सीटवर काळसर पेस्ट लावायची, बशीला रबरी चोषक असलेली काठी चिकटवायची आणि ताक घुसळताना रवी फिरवावी तशी ती दोन तळव्यांत पुढेमागे फिरवायची. मधूनमधून व्हॉल्व उचलून जागा बदलायची, नाहीतर चरे पडतात. पेस्टमध्ये असते कार्बोरंडम, म्हणजे सिलिकॉन कार्बाइड. अमेरिकेत एडवर्ड ॲचेसनने १८९१ मध्ये विजेच्या भट्टीत कृत्रिम हिरा करू पाहिला, तेव्हा त्याला हा कठीण पदार्थ मिळाला. कडेवर राखाडी रंगाचे सलग वर्तुळ उमटले की घासणे पुरे. खात्रीसाठी वरून घासलेट ओतायचे; ते पाझरले नाही तर व्हॉल्व बरोबर बसला.

मामांच्या गाडीचे चार इनलेट व्हॉल्व असे सहज जुळले. एक्झॉस्टच्या सीट मात्र खोल गेल्या होत्या. मिस्त्री म्हणाले, "नव्या पेट्रोलात दम नाही." दम होता. नव्हते ते शिसे.

(शिसपेन्सिलीत शिसे नसते हे आपण मुलांना सांगतो. पेट्रोलमध्ये होते, हे सहसा सांगत नाही.)

९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत थॉमस मिजली यांना आढळले, की टेट्राएथिल लेडचा अल्पसा अंश मिसळला तर पेट्रोल वेळेआधी पेटून होणारी इंजिनाची ठोठो थांबते. अल्कोहोलनेही हे काम होते हे त्यांना ठाऊक होते. पण अल्कोहोल कोणीही गाळू शकत होते, शिशाच्या संयुगाचे पेटंट घेता येत होते. १९२३ मध्ये विक्री सुरू झाली, आणि पेट्रोलला नाव दिले 'एथिल'. त्यात शिशाचा उच्चार नाही. शिसे विषारी असते हे तर रोमन काळापासून माहीत होते. ऑक्टोबर १९२४ मध्ये न्यू जर्सीतल्या बेवे येथील कारखान्यात पाच कामगार भ्रमिष्ट होऊन मेले. १९२५ च्या वॉशिंग्टनमधल्या परिषदेत डॉ. ॲलिस हॅमिल्टन यांनी या पेट्रोलला स्पष्ट विरोध केला. विक्री काही काळ थांबली आणि पुन्हा सुरू झाली.

शिशाचा आणखी एक उपयोग झाला, तो कोणी योजलेला नव्हता. जळल्यावर शिशाच्या संयुगांचा पातळ थर सीटवर बसे. ॲम्बेसेडरची सीट हेडच्या ओतीव लोखंडातच कापलेली असे. तापलेला व्हॉल्व अशा सीटवर आपटला, की दोन्ही धातू सूक्ष्म ठिकाणी चिकटतात आणि उचलताना लोखंडाचे कण उपटले जातात. शिशाचा थर मध्ये असला तर हे टळते. जुन्या थराने गाडी काही काळ निभावते, आणि शहरात हळू चालणाऱ्या गाडीला फारसा त्रासही होत नाही. पण परतवाड्याहून सुमारे ११०० मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याचा घाट भरल्या गाडीने चढायचा, किंवा मे महिन्यात अकोल्याचा रस्ता वेगात कापायचा, तर सीट झिजते. मामा दोन्ही करत.

शिसे गेले कसे, हेही पाहण्याजोगे आहे. पृथ्वीचे वय १९५६ मध्ये ठरवणाऱ्या क्लेअर पॅटरसन यांना आपल्या नमुन्यांत सगळीकडून शिसे मिसळते हे जाणवले, आणि १९६५ मध्ये त्यांनी लिहिले की माणसांच्या शरीरातले शिसे नैसर्गिक पातळीच्या कितीतरी पट आहे. तरी अमेरिकेत शिसेविरहित पेट्रोल पंपांवर आले ते धूर स्वच्छ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमुळे. त्यातल्या प्लॅटिनमला शिसे चालत नाही. मुलांच्या मेंदूआधी प्लॅटिनमची काळजी घेतली गेली, असे मला वाटते. भारतातही एप्रिल १९९५ मध्ये शिसेविरहित पेट्रोल आले ते कन्व्हर्टर असलेल्या नव्या गाड्यांसाठी, चार महानगरांत. सगळ्या देशातून शिसे हद्दपार झाले १ फेब्रुवारी २००० पासून. मुंबईच्या मुलांच्या रक्ततपासणीत १९९७ मध्ये सुमारे ६२ टक्के मुलांत डेसिलिटरला १० मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले होते. बंदीनंतरच्या तपासणीत हे प्रमाण सुमारे ३३ टक्क्यांवर आले. जगातला रस्त्यावरच्या गाड्यांसाठीचा शेवटचा शिसेयुक्त साठा अल्जीरियात २०२१ मध्ये संपला.

आकडे वाचताना मला त्या गॅरेजमधला पोऱ्या आठवतो. आमच्याच वयाचा होता. हेडवरची करडी-पांढरी काजळी तारेच्या ब्रशने खरवडायची आणि फुंकून उडवायची हे त्याचे काम. नळीने पेट्रोल ओढताना तोंडात घोट जायचा, हात पेट्रोलनेच धुतले जायचे, आणि त्याच हातांनी तो डबा खायचा. टेट्राएथिल लेड कातडीतून शरीरात जाते. त्याचे रक्त कोणी कधी तपासले नाही.

मामांच्या गाडीचा इलाज लेथच्या वर्कशॉपमध्ये झाला. झिजलेल्या सीट कापून त्या जागी कठीण पोलादाच्या कड्या बसवल्या. कडी खाचेपेक्षा किंचित मोठी असते. हेड तापवायचे, कडी थंड करायची आणि ठोकायची. तापमान सारखे झाले की ती निघत नाही. प्रसरणाचा धडा शिकवताना सांगण्यासारखे उदाहरण आहे. मग दांड्यांना तेल लावून व्हॉल्व आपापल्या जागी गेले, नवे गॅस्केट आले, नट मधून कडेकडे टप्प्याटप्प्याने आवळले गेले. टकटक परत आली.

वर्गात दाखवायला जुना व्हॉल्व कोणत्याही गॅरेजमध्ये मिळेल. तो २००० पूर्वीच्या पेट्रोल गाडीचा असेल तर त्यावरचा थर कोरडा खरवडू नका, मुलांना तर मुळीच खरवडू देऊ नका. ओल्या फडक्याने पुसा, फडके टाकून द्या आणि हात साबणाने धुवा.