आपद्धर्म आणि वकिली : काशीच्या दक्षिणी शास्त्रीघराण्यांपासून २०२० च्या महामारीपर्यंत

१

काशीतील शिंदे घाट मणिकर्णिकेच्या उत्तरेस, तिला अगदी लागून आहे. दौलतराव शिंदे १८२७ मध्ये निवर्तल्यानंतर ग्वाल्हेरचा कारभार पाहणाऱ्या बायजाबाईंनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. बांधकाम इतके जड होते की स्वतःच्याच भाराने ते नदीत खचले. ज्ञानवापीजवळचा स्तंभमंडप हीदेखील बायजाबाईंचीच देणगी (१८२८). अशा वास्तूंकडे आपण सहसा धर्मश्रद्धेची स्मारके म्हणून पाहतो. परंतु घाट, मंडप, अन्नछत्र, वर्षासन आणि दक्षिणा यांची मिळून एक अर्थव्यवस्था होती. मराठी प्रदेशातून येणाऱ्या पैशावर काशीतील दक्षिणी विद्वानांची घरे चालत. त्या घरांत अध्यापन चाले, कर्मकांड चाले, आणि त्यांबरोबर आणखी एक काम चाले : वादग्रस्त प्रश्नांवर शास्त्रार्थ सांगणे, निर्णयपत्र देणे. आजच्या भाषेत बोलायचे तर तो कायद्याचा सल्ला होता.

प्रस्तुत निबंधाचा प्रश्न या कामाविषयी आहे. साथ आली की रस्ते ओस पडतात, यात्रा थांबतात, न्यायासने बंद होतात आणि पक्षकार येईनासे होतात. अशा वेळी कायदा सांगून जगणाऱ्या माणसाने काय करावे, आणि त्याच्या त्या अवस्थेविषयी कायद्याचे ग्रंथ काय बोलतात? २०२० मध्ये हा प्रश्न मुंबई-दिल्लीच्या मोठ्या लॉ फर्मांपासून जिल्हा न्यायालयातील नवख्या वकिलांपर्यंत सर्वांपुढे उभा राहिला. त्याची उत्तरे ज्या स्वरूपात दिली गेली, ते स्वरूप धर्मशास्त्राच्या वाचकाला अनोळखी नाही. ही ओळख कोठपर्यंत खरी आहे आणि कोठे तुटते, हे पाहणे हा येथील हेतू आहे.

२

शास्त्रीघराण्याची तुलना लॉ फर्मशी करताना सावध राहिले पाहिजे. शास्त्र्याला सनद नव्हती. मोबदला मिळे तो दान, दक्षिणा आणि वर्षासन यांच्या रूपाने. आणि या व्यवसायाचे दार जातीने बंद होते. तरीही साम्य वरवरचे नाही. पैठणहून काशीस गेलेल्या रामेश्वरभट्टांचे घराणे पाहावे. त्यांचे पुत्र नारायणभट्ट (जन्म १५१३) हे ‘त्रिस्थलीसेतु’चे कर्ते. नातवांपैकी शंकरभट्टांचे पुत्र नीलकंठ यांनी चंबळ-यमुना संगमाजवळच्या भरेहचा सेंगर राजा भगवंतदेव याच्या आश्रयाने बारा मयूखांचा ‘भगवंतभास्कर’ रचला. ‘व्यवहारमयूख’ हा त्यांतील एक. दुसरे नातू रामकृष्णभट्ट यांचे पुत्र कमलाकर यांचा ‘निर्णयसिंधु’ १६१२ चा. कमलाकरांचे बंधू दिनकर यांचे पुत्र विश्वेश्वर ऊर्फ गागाभट्ट १६७४ मध्ये रायगडावर शिवराज्याभिषेकासाठी आले. चार-पाच पिढ्यांची साठलेली पत, घरातच तयार होणारे शिष्य, दूरदेशीचे पक्षकार आणि नावाला असलेली किंमत : व्यावसायिक सल्लागृहाची ही सर्व लक्षणे येथे आहेत. विश्वेश्वराच्या मुक्तिमंडपात पंडितांची सभा भरे आणि कोकणातील ज्ञातिवादांवर तेथून बहुतांच्या सह्यांनिशी निर्णय जात. १६५७ चे निर्णयपत्र याचे प्रसिद्ध उदाहरण होय.

या व्यवसायाचा पाया प्रवासावर होता. प्रश्न घेऊन माणूस काशीस यावा लागे, किंवा पत्र तरी पोचावे लागे. म्हणजे रस्ता बंद झाला की काम बंद झाले.

३

आपत्काळाचा विचार धर्मशास्त्राने विखुरलेल्या स्वरूपात, पण नेमकेपणाने केला आहे. त्यातील तीन युक्त्या आपल्या विषयाशी संबंधित आहेत.

पहिली युक्ती काळाविषयीची. अशौचाचे दिवस ठरलेले असतात; परंतु याज्ञवल्क्यस्मृतीच्या प्रायश्चित्ताध्यायात युद्ध, देशविप्लव आणि कष्टप्रद आपत्ती या प्रसंगी सद्यःशौच सांगितले आहे. म्हणजे मुदत मोजण्याचा नियमच आपत्तीत बाजूला ठेवला जातो. व्यवहाराध्यायावरील मिताक्षरेत याची दुसरी बाजू दिसते : आजारी, बाल, वृद्ध आणि संकटात सापडलेला यांना न्यायसभेपुढे बोलावू नये. संकटग्रस्ताची गैरहजेरी हा येथे दोष ठरत नाही.

दुसरी युक्ती दायित्वाविषयीची. कोणाकडे ठेवलेली ठेव राजामुळे, दैवामुळे किंवा चोरांमुळे गेली, तर ती भरून देण्याची सक्ती ठेवून घेणाऱ्यावर नाही, असे याज्ञवल्क्य सांगतो. जे माणसाच्या हातचे नव्हते त्याचा भार त्याच्यावर टाकू नये, हा त्यामागचा न्याय.

तिसरी युक्ती उपजीविकेविषयीची; तिलाच आपद्धर्म म्हणतात. स्वतःच्या वृत्तीवर निर्वाह होत नसेल तर ब्राह्मणाने क्षत्रियाच्या, तेही न जमल्यास वैश्याच्या वृत्तीने जगावे, अशी मुभा मनू आणि याज्ञवल्क्य दोघेही देतात. मात्र तिला दोन कुंपणे आहेत. काय विकू नये याची लांबलचक यादी आहे. आणि आपत्ती ओलांडल्यावर स्वतःला शुद्ध करून मूळ मार्गावर परतले पाहिजे, असे याज्ञवल्क्य बजावतो. सवलत तात्पुरती आहे आणि परतीची अट तिच्यातच आहे.

४

आता २०२० कडे येऊ. २५ मार्चपासून देशभर टाळेबंदी लागू झाली. तिच्या दोन दिवस आधी, २३ मार्च रोजी, सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेऊन दावे-अपिलांच्या मुदती १५ मार्चपासून वाढविल्या. पुढे ही सवलत थांबली, दुसऱ्या लाटेत एप्रिल २०२१ मध्ये पुन्हा सुरू झाली. आणि अखेर १० जानेवारी २०२२ च्या आदेशाने १५ मार्च २०२० ते २८ फेब्रुवारी २०२२ हा सर्व काळ मुदतीच्या गणनेतून वगळण्यात आला. जवळजवळ दोन वर्षे कायद्याच्या लेखी घडलीच नाहीत. ही पहिली युक्ती.

दुसऱ्या युक्तीने मोठ्या फर्मांना काही काळ काम पुरविले. नवे करार, खरेदी-विक्री, भांडवलउभारणी हे सारे थांबले होते. भागीदारांनी आपली उचल कमी केली, वेतने कापली किंवा लांबविली, नव्या पदवीधरांच्या रुजू होण्याच्या तारखा पुढे ढकलल्या. या पोकळीत एक प्रश्न मात्र सर्वच पक्षकार विचारीत होते : माल पोचविता आला नाही, भाडे देता आले नाही, तर करारभंग होतो काय? ‘फोर्स मॅज्यूर’ कलमाचा अर्थ आणि १८७२ च्या करार कायद्यातील ३२ व ५६ ही कलमे यांवर त्या महिन्यांत असंख्य टिपणे लिहिली गेली. राजा आणि दैव यांच्यामुळे झालेल्या हानीचाच हा प्रश्न होता. फरक एवढाच की येथे रोग दैवाचा आणि टाळेबंदी राजाची, असे दोन्ही एकदम आले होते. मंदीत वकिलांना एरवी आधार देणारे दिवाळखोरीचे काम भारतात मात्र आटले, कारण जून २०२० च्या अध्यादेशाने २५ मार्च २०२० पासूनच्या थकबाकीवर दिवाळखोरी संहितेखाली कार्यवाही सुरू करण्यास मनाई झाली आणि ती वर्षभर टिकली. ऋणकोला दिलेला दिलासा वकिलाच्या दाराशी टंचाई होऊन आला.

तिसऱ्या युक्तीचे साम्य सर्वांत बोलके आहे. १९६१ च्या अधिवक्ता अधिनियमाखालील बार कौन्सिल ऑफ इंडियाच्या नियमांनुसार वकिलाला स्वतः दुसरा धंदा करता येत नाही आणि आपल्या व्यवसायाची जाहिरातही करता येत नाही. ज्याचे न्यायालय बंद आहे त्याने दुकान टाकायचे नाही आणि गिऱ्हाईकही बोलवायचे नाही, अशी ही कोंडी होती. जुलै २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वकिलांच्या आर्थिक अडचणीची स्वतःहून दखल घेतली, तेव्हा नेमका हाच मुद्दा नोंदविला : नियमांनी वकिलांची कमाई त्यांच्या व्यवसायापुरतीच बांधून ठेवली आहे. त्याआधी जूनमध्ये गुजरात बार कौन्सिलने ठराव करून वकिलांना ३१ डिसेंबर २०२० पर्यंत दुसरे काम करण्याची मुभा दिली होती. मुभा, तिची सीमा, आणि ठरल्या दिवशी स्वमार्गावर परतणे : आपद्धर्माचा संपूर्ण आराखडा या ठरावात आहे. ठराव करणाऱ्यांपुढे याज्ञवल्क्य होता असे येथे सुचवायचे नाही. जो व्यवसाय स्वतःच्या प्रतिष्ठेसाठी इतर वृत्ती निषिद्ध मानतो, त्याला आपत्तीत हीच वाट सापडते, एवढेच म्हणायचे आहे.

५

तुलनात्मक साहित्याच्या अभ्यासकाला याहून महत्त्वाचे वाटावे असे एक साम्य आहे, आणि ते मौनाचे आहे. ‘निर्णयसिंधु’ लिहून झाल्यावर चारच वर्षांनी, १६१६ च्या सुमारास, उत्तर भारतात गाठीच्या तापाची साथ पसरली. आग्र्यातील या साथीचे आणि पळालेल्या नगरवासीयांचे वर्णन बनारसीदास या जैन व्यापाऱ्याने १६४१ मध्ये पूर्ण केलेल्या ‘अर्धकथानक’ या आत्मकथनात येते. व्यापारी स्वतःची भीती, तोटा, मृत अपत्ये यांविषयी बोलतो. निबंधग्रंथांचे शास्त्रकार त्या शैलीत स्वतःविषयी बोलत नाहीत. तो त्या वाङ्मयप्रकाराचा संकेतच नव्हे. आपत्तीत काय चालेल हे ग्रंथ सांगतो. आपत्तीत ग्रंथकाराच्या घरी काय शिजत होते हे सांगत नाही.

२०२०-२१ चे न्यायालयीन आदेश याच परंपरेतले आहेत. खटल्याची मुदत थांबविता येते. खोलीचे भाडे, कर्जाचा हप्ता, गावाकडे पाठवायचे पैसे यांची मुदत त्या आदेशाने थांबत नाही. न्यायालये दूरदृश्य माध्यमातून चालू लागली, तेव्हा ज्येष्ठ वकिलाला घरबसल्या एकाच दिवशी दोन शहरांत उभे राहता आले. ज्याच्याकडे संगणक आणि स्थिर जोडणी नव्हती तो मात्र न्यायालयाबाहेरच राहिला. न्यायालयाच्या आवारात मुन्शी, टंकलेखक, मुद्रांकविक्रेते यांची एक मोठी वस्ती जगत असते. वकिलांच्या कल्याणनिधीची चर्चा झाली तेव्हा या माणसांची नावे क्वचितच निघाली.

येथे आपद्धर्माच्या वर्णाधिष्ठित स्वरूपाचे स्मरण ठेवणे आवश्यक आहे. वरच्याला खाली उतरण्याची मुभा देणारा मनू, खालच्याने वरची वृत्ती धरल्यास त्याचे धन हिरावून त्याला हद्दपार करावे, असेही सांगतो. सवलत नेहमी कोणाला तरी मोजून दिलेली असते. ती कोणाला दिलेली नाही हे वाचणे हाही पाठाच्या वाचनाचा भाग आहे.

६

आपद्धर्माचे गृहीत असे की आपत्ती ओसरेल आणि पक्षकार परततील. काशीच्या शास्त्र्यांच्या इतिहासात एकदा तसे झाले नाही. १७७२ नंतर कंपनीच्या न्यायालयांना हिंदू कायदा सांगणारे पंडित लागले. १७९१ मध्ये जोनाथन डंकनने काशीत संस्कृत पाठशाळा काढली, तिच्यामागे हाही हेतू होता. पण १८१० मध्ये कोलब्रुकने मिताक्षरेच्या दायविभागाचे आणि १८२७ मध्ये बोराडेलने ‘व्यवहारमयूखा’चे इंग्रजी भाषांतर केले, निवाड्यांचे दाखले साचत गेले, आणि १८६४ च्या कायद्याने न्यायालयांतील पंडितांची पदेच रद्द झाली. नीलकंठभट्टांचा ग्रंथ मुंबईच्या उच्च न्यायालयात प्रमाण राहिला. त्याचा अर्थ सांगणारा शास्त्री मात्र अनावश्यक ठरला. पक्षकार माणसाकडून पुस्तकाकडे गेला, तो परत आला नाही.

ज्यांच्याजवळ निर्णयाखेरीज अध्यापन होते, ग्रंथसंपादन होते, ते टिकले. हा वारसा पुढे मराठी वकिलांच्या हाती आला. विश्वनाथ नारायण मंडलिकांनी १८८० मध्ये ‘व्यवहारमयूख’ व ‘याज्ञवल्क्यस्मृति’ यांची भाषांतरे प्रसिद्ध केली. मुंबईत वकिली करणाऱ्या पां. वा. काण्यांनी १९२६ मध्ये मयूखाचे संपादन केले आणि त्या प्रस्तावनेच्या विचारातूनच धर्मशास्त्राच्या इतिहासाचे पाच खंड (१९३०–१९६२) उभे राहिले.

२०२० ची साथ वकिलीच्या दृष्टीने आपत्ती होती की १८६४ सारखे वळण, याचा निवाडा आज घाईचा ठरेल. मोठ्या फर्मांकडे काम परतले. दूरदृश्य सुनावणी साथीनंतरही उरली. त्या दोन वर्षांत हा व्यवसाय सोडून गेलेल्या तरुणांचा हिशेब मात्र कोणत्याही निवाड्यात लिहिलेला नाही. तो लिहायचा तर कायद्याच्या ग्रंथाशेजारी व्यापाऱ्याचे आत्मकथन, कारकुनाची वही आणि नवख्या वकिलाचे पत्र ठेवावे लागेल. मुदत वगळण्याचा अधिकार न्यायालयाला आहे. वगळलेल्या काळात कोण कसे जगले, हे नोंदविण्याचे काम साहित्याच्या आणि इतिहासाच्या अभ्यासकाकडेच येते.