कर्ण्यापुढे कोण बसले?

हिंदुस्थानातील ध्वनिमुद्रणाची हकीकत सांगणारे बहुधा यंत्रापासून आरंभ करतात. मला तो त्या यंत्राच्या कर्ण्यापुढे प्रथम कोण बसले, या प्रश्नापासून करावासा वाटतो. ग्रामोफोन अँड टाइपरायटर कंपनीचा फ्रेड गैसबर्ग आपला सरंजाम घेऊन कलकत्त्यास उतरला, आणि १९०२ च्या ८ नोव्हेंबर रोजी त्याने मेणावर जे पहिले आवाज उमटविले, ते कोणा दरबारी उस्तादाचे नसून शशिमुखी व फणीबाला या रंगभूमीवरील दोन मुलींचे होते. तीनच दिवसांनी गायिका गौहरजान आली. दर खेपेस नवा पोशाख आणि नवे दागिने लेवून येणाऱ्या या बाईचा थाट पाहून तो साहेब चकित झाला, हे त्याने पुढे आत्मकथनात लिहून ठेवले आहे.

पहिला मान बायकांना मिळाला, म्हणून कंपनीने समतेचे व्रत घेतले होते, असा गैरसमज कोणी करून घेऊ नये. तिला माल खपवावयाचा होता. अनेक उस्तादांना धास्ती अशी, की घराण्यात जिवापाड जपलेली चीज उद्या पानाच्या दुकानात वाजेल आणि वाटेल तो ती उचलील. उलट बिदागीवर उपजीविका करणाऱ्या गायिकांना नवे गिऱ्हाईक नाकारण्याचे कारण नव्हते.

काम मात्र सोपे नव्हते. त्या काळी मायक्रोफोन नव्हता. गाणाऱ्यास कर्ण्यात तोंड घालून इतक्या जोराने गावे लागे, की केवळ त्या आवाजाच्या रेट्याने सुई हालून मेणात रेघ कोरली जावी. तासभर चालणारा विस्तार तीनेक मिनिटांत बसवावयाचा, आणि शेवटी, श्वास पुरता सावरण्यापूर्वीच, इंग्रजीत आपले नाव पुकारावयाचे. कारण तबकड्या छापल्या जात त्या जर्मनीतील हॅनोव्हर येथे, आणि तेथील कामगारांना कोणत्या तबकडीवर कोणाचे नाव चिकटवावे, हे त्यावरून कळे. कारखान्याच्या सोयीसाठी केलेल्या या तजविजीमुळे गौहरजानचे नाव तिच्याच तोंडून आपल्याला आजही ऐकू येते.

उस्ताद मागे राहिले आणि गायिका पुढे आल्या, याचे आपल्याकडील उदाहरण तर अधिकच बोलके आहे. थोर गवई अल्लादियाखाँसाहेबांनी स्वतःची एकही तबकडी दिली नाही. त्यांच्या गायकीचे जे ध्वनिमुद्रित प्रमाण हाती उरले, त्यात गोव्याच्या कलावंत समाजातून आलेल्या केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर या शिष्यांचा वाटा फार मोठा आहे.

पुढे वाट मळली तशी प्रतिष्ठितांचीही पावले तिकडे वळली. परंतु आपली गणना पेशेवाल्यांत होऊ नये म्हणून बंगालमधील घरंदाज मंडळी तबकडीवर नावापुढे ‘अ‍ॅमेचर’ असे छापवून घेत. देशबंधू दासांची भगिनी अमला ‘मिस दास (अ‍ॅमेचर)’ म्हणून गायिली. नभोवाणीने तर स्वातंत्र्याच्या सुमारास, ज्यांचे खाजगी जीवन लोकापवादास पात्र आहे अशांना मज्जावच केला. हुकुमाचे शब्द सर्वांना लागू होणारे, बडगा मात्र गाणाऱ्या बायकांवर! ज्यांनी कर्ण्यासमोर प्रथम बसण्याची हिंमत केली, त्यांनाच नव्या दालनाचे दार बंद व्हावे, ही मला निव्वळ कृतघ्नता वाटते.

कर्ण्याच्या पलीकडे, यंत्राजवळची जागा तर पहिल्यापासून पुरुषांचीच राहिली. आणि अलीकडच्या बाजूसही सर्वांना न्याय मिळाला असे नाही: गायिकेचे नाव ठसठशीत छापणाऱ्या तबकडीवरच्या कागदी चकतीवर सारंगिये व तबलजी यांची नावे बहुधा आढळत नाहीत.

ज्यांच्या माळ्यावर त्या काळच्या तबकड्या अद्याप असतील, त्यांनी त्या भंगारात काढण्यापूर्वी एकदा लावून पाहाव्यात. आणि गाणे संपले म्हणून लगेच सुई उचलू नये. नाव त्यानंतर येते.