बोटीवरील बाबासाहेब : छायाचित्राखाली कोणते वर्ष लिहावे?

जयंती जवळ आली की पिंपरी, भोसरी, चाकण परिसरातील फ्लेक्सवर आणि मोबाईलच्या स्टेटसवर बाबासाहेबांचे एक कृष्णधवल छायाचित्र हमखास दिसते : बोटीच्या डेकवर, सहप्रवाशांसोबत. खाली कुठे 'शिक्षणासाठी परदेशी जाताना' असते, तर कुठे 'गोलमेज परिषदेला जाताना'. या दोन प्रवासांत बरीच वर्षे आहेत आणि दोन वेगळे बाबासाहेब आहेत.

1913 साली ते बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात गेले, तेव्हा ते विद्यार्थी होते. शिष्यवृत्तीची मुदत संपल्याने 1917 मध्ये लंडनमधील अभ्यास अर्धवट ठेवून परतावे लागले. महायुद्ध सुरू होते. त्यांचे सामान नेणारी बोट पाणतीराने बुडाली आणि जमवलेले ग्रंथही गेले. 1920 साली ते पुन्हा लंडनला गेले आणि शिक्षण पूर्ण केले.

4 ऑक्टोबर 1930 रोजी 'व्हाइसरॉय ऑफ इंडिया' या बोटीने ते पहिल्या गोलमेज परिषदेला निघाले, ते अस्पृश्य समाजाचे प्रतिनिधी म्हणून. सोबतचे दुसरे प्रतिनिधी मद्रासचे रावबहादूर आर. श्रीनिवासन. दुसऱ्या परिषदेसाठी 15 ऑगस्ट 1931 रोजी ते 'मुलतान' बोटीने निघाले. गांधीजी 29 ऑगस्टला 'राजपुताना' बोटीने गेले. म्हणजे जाताना दोघे एका बोटीवर नव्हते. तिसऱ्या परिषदेसाठी ते नोव्हेंबर 1932 मध्ये पुन्हा निघाले.

म्हणून छायाचित्र पुढे पाठवण्यापूर्वी तीन गोष्टी पाहाव्यात : लाइफबॉयवर बोटीचे नाव दिसते का, सोबत कोण आहे, आणि प्रवास जाण्याचा आहे की परतीचा. खात्री होत नसेल तर 'बोटीवर बाबासाहेब' एवढेच लिहावे. चुकीची एक ओळ विरोधकांच्या हाती आयते कोलीत देते.

हेच काम आपल्या घरातही आहे. 25 डिसेंबर 1954 रोजी बाबासाहेबांच्या हस्ते देहूरोडच्या विहारात बुद्धमूर्तीची स्थापना झाली. तो दिवस पाहिलेली माणसे आता थोडीच उरली आहेत. त्या काळातले एखादे छायाचित्र कुणाच्या ट्रंकेत असेल, तर त्यातील माणसांची नावे वडीलधाऱ्यांना आजच विचारा आणि मागच्या बाजूला पेन्सिलीने लिहून ठेवा.