पाझर तलावाचं पाणी

बहात्तरचा दुष्काळ म्हणलं की आमच्या धाराशिव जिल्ह्यातली जुनी माणसं दोन गोष्टी हमखास सांगतात: रेशनची लाल मिलो आणि दुष्काळी कामावरची सुकडी. माझी आई तिसरी गोष्ट सांगायची. "तवा खायला दाना नव्हता, पर पानी व्हतं. नदीत झरा उकरला की घागर भरायची."

आमच्या घराला सातबारा नव्हता. निजामाचं राज्य 1948 साली गेलं, 1950 चा कूळकायदा आला. ज्याच्या नावावर कूळ लागलं त्याला जमीन मिळायची वाट झाली. पण आमचे आजोबा कूळही नव्हते, नुसते सालगडी. कायदा आमच्या दारावरून पुढं गेला.

1972 ला आईनं आणि मावशीनं खडी फोडली, मग पाझर तलावाच्या कामावर माती वाहिली. अशा कामांच्या अनुभवातूनच पुढं रोजगार हमीचा कायदा झाला. तो 1977 साली मंजूर झाला आणि 1979 पासून लागू झाला. त्या कामांनी लाखो माणसं जगवली, हे आमच्यासारख्यांनी तरी विसरू नये.

पण पाझर तलावाची रीत बघा. त्याला कालवा नसतो. अडवलेलं पाणी जमिनीत मुरतं आणि खालच्या अंगाच्या विहिरींना उतरतं. म्हणजे ज्याची खाली जमीन, त्याचीच विहीर भरणार. बांध घालणाऱ्या बहुतेक बायांची जमीन ना वर होती ना खाली. त्यांना मजुरी मिळाली. पाणी मिळालं ते रानवाल्याला.

विहिरी भरल्या, मोट जाऊन मोटारी आल्या. जिथं ज्वारी, करडई, तूर व्हायची तिथं ऊस उभा राहिला. ऊस बारा महिने पाणी मागतो. आमच्या काळ्या पाषाणात पाणी फार साठत नाही. वरचा मुरूम आणि फटी एवढीच त्याची कोठी. विहिरी आटल्या तसे बोर आले. 1882 च्या इंग्रजी कायद्यापासून रीतच अशी, की जमीन ज्याची, तिच्याखालचं पाणी उपसायचा हक्क त्याचा. ज्याच्याकडं पैसा त्याचा बोर खोल. शेजारच्या लहान शेतकऱ्याची विहीर त्यानं कोरडी पडायची, आणि वस्तीवरचा हापसा तर सगळ्यात आधी खडखडायचा. पिण्याच्या पाण्याच्या सार्वजनिक ठिकाणापासून 500 मीटरच्या आत परवानगीशिवाय विहीर खोदू नये, असा कायदा 1993 साली झाला. आमच्याकडं ते अंतर मोजताना मी कुणाला पाहिलं नाही.

मग कळंब, भूम, वाशी, परंड्याकडची माणसं कोयता घेऊन ऊसतोडीला निघाली. जे पीक शिवारातलं पाणी पिऊन गेलं, तेच तोडायला दुसऱ्याच्या जिल्ह्यात. 2016 साली शेजारच्या लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं. शहराची तहान साऱ्या देशानं बघितली. वस्तीवरची बाई मात्र त्याच्या कितीतरी आधीपासून टँकरच्या रांगेत उभी होती.

दुसरी वाट नव्हती असं नाही. त्याच बहात्तरच्या दुष्काळानंतर पुरंदर तालुक्यात विलासराव साळुंखे यांनी पाणी पंचायत उभी केली. पाणी रानाच्या एकरावर नाही, घरातल्या माणसांच्या संख्येवर वाटायचं. भूमिहीनालाही वाटा. ऊस लावायचा नाही. पाऊस तिकडंही कमीच होता. बदलली ती वाटणी.

पाऊस हल्ली लहरी झालाय, हे खरंच. पण आमच्या शिवारातलं पाणी खोल गेलं ते नुसत्या पावसानं नाही. जमीन आधीच विषम वाटली गेली होती, पाणी त्याच उतारानं वाहत गेलं. म्हणून आता गावात नाला खोलीकरण निघो की शेततळं, ग्रामसभेत पहिला प्रश्न 'किती पाणी अडंल' एवढाच नसावा. ते कुणाच्या विहिरीत उतरंल, आणि माती वाहणारीच्या घागरीत त्यातलं किती येईल, हेही तिथंच विचारून कागदावर घ्यावं.