औषधाआधी अभय : प्लेगच्या काळातील सर्वधर्मीय सेवाव्रतींचे कार्य

जैन परंपरेने दानाचे चार प्रकार मानले आहेत : आहारदान, औषधदान, ज्ञानदान आणि अभयदान. यांपैकी पहिल्या तिहींचे स्वरूप सहज ध्यानात येते. धान्य मोजता येते, औषधांचा हिशेब ठेवता येतो, ग्रंथांची गणती करता येते. अभयदान मात्र कोणत्याही वहीत मांडता येत नाही. मुक्या प्राण्यांना जीवदान देणे हा त्याचा परिचित अर्थ. परंतु भयाने ग्रासलेल्या माणसाला निर्भय करणे हेही अभयदानच होय. या दानावाचून औषधदानही कसे निष्फळ ठरते, याचा दाखला 1896 ते 1898 या काळातील मुंबई-पुण्याच्या प्लेगच्या इतिहासात सापडतो. त्या काळी हे दान कोणा एका धर्माच्या माणसांनी दिले नाही, हे त्या इतिहासाचे विशेष मोल आहे.

मुंबईत परस्परधर्मीय सहकार्याची परंपरा त्याआधीही होती. भुलेश्वर येथील पांजरपोळ 1834 मध्ये उभी राहिली, ती पारशी दाते जमशेटजी जीजीभाई आणि जैन व्यापारी यांच्या संयुक्त प्रयत्नांतून. जमशेटजींच्या औदार्यातून उभ्या राहिलेल्या जे. जे. रुग्णालयाचे दारही सर्व जातिधर्मांच्या रुग्णांना खुले होते. या परंपरेची खरी कसोटी मात्र शतकाच्या अखेरीस लागली.

23 सप्टेंबर 1896 रोजी मांडवी भागात एका रुग्णाला तपासताना डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. व्हिएगस हे मूळचे गोव्याचे, धर्माने कॅथॉलिक ख्रिस्ती आणि मुंबई महानगरपालिकेचे सभासद होते. मांडवी हा धान्याच्या वखारींचा भाग. कच्छी जैन, भाटिया, लोहाणा अशा व्यापारी कुटुंबांची वस्ती तेथे दाट होती. वखारींत धान्य, धान्यापाठोपाठ उंदीर आणि उंदरांपाठोपाठ रोग असा हा क्रम होता. परंतु उंदरांच्या अंगावरील पिसवांमुळे हा रोग माणसाला जडतो, हे पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच वैद्यकाने 1898 मध्ये दाखवून दिले आणि ते सर्वमान्य होण्यास आणखी काही वर्षे जावी लागली. 1896 मध्ये हे कोणासही ठाऊक नव्हते. रोग बरा करणारे खात्रीचे औषधही नव्हते. ती प्रतिजैविके 1940 नंतरच्या दशकात आली.

कारण अज्ञात आणि उपाय अनिश्चित, अशा स्थितीत प्रशासनाने सक्तीचा मार्ग धरला. रुग्णाला घरातून उचलून रुग्णालयात न्यावे, घरातील सामान बाहेर काढून घर जंतुनाशकांनी धुऊन काढावे, असे आदेश ऑक्टोबर 1896 मध्ये निघाले. लोकांच्या दृष्टीने रुग्णालय म्हणजे जिथून माणूस परतत नाही अशी जागा झाली. शेवटच्या क्षणी आप्त जवळ असतील काय, आपल्या आचारास योग्य असे अन्नपाणी मिळेल काय, स्त्रियांची तपासणी परपुरुष करतील काय, अंत्यसंस्कार आपल्या धर्माप्रमाणे होतील काय, हे प्रश्न हिंदू, मुसलमान, जैन, पारशी अशा सर्वांच्याच मनात होते. 29 ऑक्टोबर 1896 रोजी गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. लोक आजार लपवू लागले आणि शहर सोडून जाऊ लागले. 1891 च्या जनगणनेत सव्वाआठ लाखांच्या आसपास लोकसंख्या असलेले हे महानगर 1897 च्या आरंभी जवळजवळ निम्मे रिकामे झाले होते. स्थलांतरितांबरोबर रोगही नव्या गावी पोहोचला. भयाने रोग हटला नाही. तो अधिक पसरला.

या भयावर उतारा शोधणारी माणसे वेगवेगळ्या धर्मांची होती. आर्थर रोड रुग्णालयाची जबाबदारी डॉ. नसरवानजी चोक्सी या पारशी वैद्यकाने सांभाळली. हल्ला झालेल्या त्याच रुग्णालयात ते पुढेही रुग्णसेवा करीत राहिले. ख्रिस्ती मठांतील सिस्टर्सनी प्लेगच्या रुग्णालयांत परिचर्येचे काम पत्करले. ओडेसा येथे जन्मलेले ज्यूधर्मीय शास्त्रज्ञ वॉल्डेमार हाफकिन ऑक्टोबर 1896 मध्ये मुंबईस आले आणि ग्रँट मेडिकल कॉलेजमधील अपुऱ्या जागेत त्यांनी लस तयार केली. 10 जानेवारी 1897 रोजी त्यांनी ती प्रथम स्वतःच्या शरीरात टोचून घेतली. त्यानंतर भायखळ्याच्या तुरुंगात स्वेच्छेने पुढे आलेल्या कैद्यांवर तिची चाचणी झाली.

लस सिद्ध झाली तरी विश्वास सिद्ध होत नव्हता. तीत काय मिसळले आहे याविषयी नाना अफवा होत्या. तेव्हा इस्माइली खोजा समाजाचे तरुण धर्मप्रमुख तिसरे आगाखान यांनी लोकांसमक्ष स्वतः लस टोचून घेतली आणि आपली ‘खुशरू लॉज’ ही वास्तू हाफकिन यांच्या प्रयोगशाळेसाठी दिली. ज्यू शास्त्रज्ञाच्या लशीवर मुस्लिम धर्मगुरूने ठेवलेला हा विश्वास अनेक अनुयायांना लसीकरणाकडे घेऊन आला. जे काम आदेशाने होत नव्हते, ते अशा स्वानुभवाच्या उदाहरणाने होऊ लागले. 1899 मध्ये ही प्रयोगशाळा परळ येथे गेली. आजची हाफकिन संस्था तीच.

पुण्यात हा संघर्ष अधिक तीव्र झाला. 4 फेब्रुवारी 1897 रोजी साथरोग कायदा संमत झाला आणि मार्चमध्ये रँड यांच्या अधिकाराखाली गोऱ्या सैनिकांकरवी घरांची झडती सुरू झाली. माजघरापर्यंत आणि देवघरापर्यंत शिरणाऱ्या त्या झडत्यांनी जनमत प्रक्षुब्ध झाले. 22 जून 1897 रोजी रँड यांच्यावर गोळी झाडण्यात आली. याच वर्षी त्याच पुण्यात सेवेचे निराळे रूपही दिसले. सावित्रीबाई फुले आणि त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरच्या परिसरात रुग्णांसाठी दवाखाना चालविला. मुंढव्याच्या दलित वस्तीतील एका आजारी मुलाला सावित्रीबाईंनी स्वतः पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. मूल वाचले, सावित्रीबाईंना मात्र संसर्ग झाला आणि 10 मार्च 1897 रोजी त्यांचे निधन झाले. सैनिकही रुग्णास घरातून नेत होते आणि सावित्रीबाईंनीही रुग्णास घरातूनच नेले. पहिल्या नेण्याने दारे बंद झाली, दुसऱ्या नेण्याने उघडली.

लोकमान्य टिळकांनी साथीच्या काळात पुणे सोडले नाही आणि हिंदूंसाठी स्वतंत्र रुग्णालय उभारण्यात पुढाकार घेतला. नामदार गोखले यांनी पुढील वर्षी साथ परतली तेव्हा स्वयंसेवक म्हणून घरोघरी जाऊन काम केले. मुंबईतही 9 मार्च 1898 रोजी एका मुस्लिम विणकर कुटुंबातील स्त्रीच्या तपासणीवरून दंगल उसळली. त्यानंतर प्रशासनाने सक्ती सैल केली, निरनिराळ्या समाजांच्या खाजगी रुग्णालयांना अधिक वाव दिला आणि समाजातील प्रतिष्ठितांच्या मध्यस्थीवर भर दिला.

या इतिहासाची एक मर्यादाही नोंदविली पाहिजे. त्या काळातील बहुतेक रुग्णालये समाजनिहाय होती. पारशांचे निराळे, हिंदूंचे निराळे, मुसलमानांचे निराळे. आपल्या माणसांत, आपल्या आचाराप्रमाणे उपचार मिळाल्याने भय ओसरले हे खरे. परंतु ज्यांच्या समाजाकडे धन नव्हते, त्यांच्यासाठी असे दार कोठे होते? मुंढव्याच्या त्या मुलाकरिता कोणत्याही ज्ञातीचे रुग्णालय नव्हते. त्याच्यासाठी सावित्रीबाईंची पाठ होती. म्हणून आपल्या समाजापुरते केलेले दान आणि समाजाची वेस ओलांडणारे दान, या दोहोंचे मोल त्या काळाने वेगळे करून दाखविले.

1897 चा तोच साथरोग कायदा 2020 मध्ये कोविडच्या काळात पुन्हा अमलात आणावा लागला. मुंबईतील आरंभीच्या कोविड रुग्णांवर ज्या कस्तुरबा रुग्णालयात उपचार झाले, ते पूर्वीचे आर्थर रोड रुग्णालयच होय. आरोग्यसेवकांवर होणारे हल्ले रोखण्यासाठी त्या वर्षी कायद्यात दुरुस्ती करण्यात आली. सव्वाशे वर्षांत लस, औषधे, यंत्रसामग्री सर्व काही बदलले. परंतु भयभीत माणूस उपचार करणाऱ्यावरच हात उगारतो, ही गोष्ट बदलली नव्हती. त्या दिवसांतही अन्नाची पाकिटे पोहोचविणारे, प्राणवायूच्या नळकांड्या मिळवून देणारे आणि अनोळखी मृतांना त्यांच्या धर्माप्रमाणे निरोप देणारे स्वयंसेवक मंदिर, मशीद, गुरुद्वारा, चर्च आणि जैन स्थानक अशा सर्व ठिकाणांहून पुढे आले.

जैन आचारशास्त्राने वैयावृत्त्याला, म्हणजे सेवेला, आभ्यंतर तपांत स्थान दिले आहे. उपवास बाहेरून दिसतो, म्हणून तो बाह्य तप. सेवेत अहंकार झिजतो, म्हणून ती आभ्यंतर. पन्नास वर्षांची वाटचाल करणाऱ्या कोणत्याही विश्वस्त संस्थेच्या अहवालात किती रुग्ण तपासले, किती औषधे वाटली, किती शिष्यवृत्त्या दिल्या याची नोंद असते आणि ती असलीच पाहिजे. परंतु प्लेगचा इतिहास त्यापुढे आणखी एक प्रश्न ठेवतो : संकटाच्या वेळी परधर्मीय, परजातीय, निराधार माणूस या दाराशी निःशंक मनाने येऊ शकेल काय? ज्या संस्थेविषयी परिसरातील लोक या प्रश्नाचे उत्तर होकारार्थी देतात, तिने औषधदानाबरोबर अभयदानही केले आहे, असे म्हणता येईल.