कुबट चारा, उंदराचं औषध आणि बाळंतिणीचा सुजलेला पाय

आज पिकावर नाही, औषधाच्या इतिहासावर लिहितोय. पण सुरुवात गोठ्यातूनच आहे.

उंदरासाठी आपण ब्रोमाडिओलोनच्या वड्या ठेवतो. उंदीर लगेच मरत नाही, काही दिवसांनी आतल्या आत रक्तस्राव होऊन मरतो. त्यावर उतारा म्हणून व्हिटॅमिन के१ देतात. या विषाच्या खानदानाचा शोध जनावरांच्या चाऱ्यात लागला, आणि त्यातूनच रक्ताच्या गुठळीवरचं औषधही निघालं.

१९२० च्या दशकात कॅनडा-अमेरिकेत जनावरं दगावू लागली. शिंगं कापली, खच्चीकरण केलं की रक्त थांबायचंच नाही. फ्रँक स्कोफील्ड या पशुवैद्यानं कारण शोधलं: बुरशी लागलेला स्वीट क्लोव्हरचा चारा. हे मेथी-लसूणघासाच्या कुळातलंच पीक. फेब्रुवारी १९३३ मध्ये एड कार्लसन नावाचा शेतकरी हिमवादळात सुमारे ३०० किलोमीटर गाडी हाकत विस्कॉन्सिनच्या कार्ल लिंक यांच्या प्रयोगशाळेत पोचला. सोबत मेलेली कालवड, खराब चारा आणि दुधाच्या कॅनमध्ये न गोठणारं रक्त. लिंक यांच्या चमूला त्यातलं द्रव्य वेगळं करायला १९३९ उजाडलं. चाऱ्याला गोड वास देणाऱ्या कुमारिनपासून बुरशीमुळं डायकुमारॉल तयार होतं, आणि ते व्हिटॅमिन के चं काम अडवतं. पुढं १९४८ ला वॉरफरिन उंदराचं विष म्हणून बाजारात आलं, आणि १९५४ पासून माणसांचं औषध झालं.

पण गरोदर बाईला ही गोळी सहसा देत नाहीत. ती वारेतून बाळापर्यंत जाते आणि बाळाच्या वाढीत व्यंग येऊ शकतं. तिथं कामाला आलं दुसरं औषध, हेपरिन. जे मॅक्लीन या विद्यार्थ्याला १९१६ मध्ये अमेरिकेत त्याचा पहिला माग लागला. पुढं ते कुत्र्याच्या यकृतातून मिळालं, म्हणून यकृताच्या ग्रीक शब्दावरून नाव पडलं. आज ते मुख्यतः डुकराच्या आतड्यातून काढतात. हेपरिन वार ओलांडत नाही, म्हणून बाळाला धोका नाही. अंगावर पाजतानाही चालतं.

आता आपल्या घरचं बघू. गरोदरपणात रक्त मुळातच जास्त गोठतं. बाळंतपणात रक्त फार जाऊ नये म्हणून निसर्गानंच केलेली ती सोय. पण त्यामुळं पायाच्या खोल शिरेत गुठळी होऊ शकते. हजार बाळंतपणांत एखाद-दुसरीला होते. ती सुटून फुफ्फुसात गेली तर जीव जातो. सगळ्यात जास्त धोका बाळंतपणानंतरच्या पहिल्या सहा आठवड्यांत, आणि सिझर झालेल्या बाईला आणखी.

आणि नेमका तोच आपला सव्वा महिना. बाजेवर पडून राहा, पाणी कमी प्या, असं आपल्याकडं सांगतात. युरोपातही पूर्वी बाळंतिणीला दहा-पंधरा दिवस झोपवून ठेवायचे, १९४० च्या दशकात लवकर उठवायला लागले. विश्रांती हवीच, पण दिवसातून चार वेळा घरात चालणं आणि पोटभर पाणी हवंच. ऊसतोडीला निघालेली ओली बाळंतीण ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत तासन्‌तास पाय मुडपून बसते, तिला तर हे जास्तच लागू.

लक्षणं पाठ करून ठेवा. दोन्ही पायांवर थोडी सूज बऱ्याच जणींना येते. पण एकच पाय सुजला (बहुतेक वेळा डावा), पोटरी किंवा मांडी दुखली, गरम लागली तर तेल चोळत बसू नका, त्याच दिवशी दाखवा. अचानक दम लागला, छातीत कळ आली, खोकल्यातून रक्त पडलं तर लगेच १०८ ला फोन लावा.

डॉक्टर पायाची डॉपलर सोनोग्राफी करतात, आणि दाट संशय असेल तर रिपोर्टची वाट न बघता हेपरिन सुरू करतात. पुढं रोज पोटाच्या कातडीखाली इंजेक्शन, घरीही घेता येतं. बाळंतपणाच्या आधी डॉक्टर ते थांबवतात, नंतर पुन्हा सुरू करून किमान सहा आठवडे देतात. एकूण उपचार तीन महिन्यांपेक्षा कमी नाही. सूज उतरली म्हणून मनानं बंद करू नका.

परंडा-भूम-लोहाऱ्याकडच्या मंडळींनी एक काम आत्ताच करावं. आठव्या-नवव्या महिन्यात आशाताईंना विचारून ठेवा, डॉपलर जवळ कुठं होते. धाराशिव, सोलापूर की लातूर, हे रात्री दोन वाजता ठरवायची गोष्ट नाही.

हे घरातल्या आई-मावशींना वाचून दाखवा. सव्वा महिन्याचे नियम त्याच ठरवतात.