साहित्यातील संघर्ष, पात्रांचे हेतू आणि आधार

इंग्रजी साहित्याच्या वर्गात या तीन गोष्टी एकत्र शिकवल्या जातात. दोन शक्तींची ओढाताण म्हणजे संघर्ष. पात्र जे करते ते कशापोटी करते, तो त्याचा हेतू. आणि वाचकाने लावलेला अर्थ मूळ संहितेत नेमका कुठे सापडतो हे दाखवणे म्हणजे आधार देणे. संघर्ष बहुधा उघड दिसतो. हेतू मात्र शोधून काढावा लागतो, म्हणून आधाराची खरी गरज तिथेच पडते.

संघर्षाचे ढोबळ भाग दोन. बाह्य संघर्षात माणूस दुसऱ्या माणसाशी, समाजाशी किंवा निसर्गाशी झुंजतो. आंतरिक संघर्षात स्वतःशीच. महाराष्ट्र राज्य मंडळाच्या अकरावीच्या इंग्रजी 'युवकभारती'त (२०१९) या दोन्हींचे नमुने आहेत. इब्सेनच्या 'ॲन एनिमी ऑफ द पीपल' (१८८२) या नाटकात स्नानगृहांचे पाणी दूषित असल्याचे सांगणारा डॉक्टर स्टॉकमन अख्ख्या गावाला नकोसा होतो, आणि विरोधकांच्या आघाडीला नगराध्यक्ष असलेला त्याचा सख्खा भाऊच असतो. लेडी ग्रेगरी यांच्या 'द रायझिंग ऑफ द मून' (१९०७) या एकांकिकेत फरारी बंडखोराला पकडले तर सार्जंटला शंभर पौंडांचे बक्षीस मिळणार असते. तरीही तो त्याला सोडून देतो.

का सोडतो? 'सार्जंट देशभक्त होता' हे गाईडमधले उत्तर झाले. एकांकिकेत मात्र तो तरुणपणी गायलेल्या गाण्यांपाशी हळूहळू विरघळत जातो, आणि सोबतचे शिपाई परत येतात तेव्हा बंडखोराची टोपी आणि केसांचा टोप पाठीमागे लपवतो. हेतूचा पुरावा असा कृतीत सापडतो.

कोल्हापूर जिल्ह्यातल्या मलकापूरच्या विद्यार्थ्याला याचे उदाहरण घरचेच आहे. पावनखिंड याच शाहूवाडी तालुक्यात, विशाळगडाच्या वाटेवर. सिद्दी जौहरने घातलेल्या पन्हाळ्याच्या वेढ्यातून शिवाजी महाराज निसटले आणि १३ जुलै १६६० रोजी बाजीप्रभू देशपांडे यांनी आदिलशाही फौजेला घोडखिंडीत, म्हणजे आजच्या पावनखिंडीत, रोखून धरले. या प्रसंगावर श्री अरविंदांनी 'बाजी प्रभू' ही दीर्घ कविता थेट इंग्रजीत लिहिली आणि १९१० मध्ये ती 'कर्मयोगिन्' साप्ताहिकात क्रमशः छापून आली. तिच्यात शत्रू मोगल आहेत आणि किल्ला रांगणा. मूळ पराक्रम सोडला तर ऐतिहासिक अचूकता राखण्याचा प्रयत्न केलेला नाही, असे कवीनेच आरंभीच्या टिपेत सांगून टाकले आहे.

आधार देताना या टिपेचा उपयोग होतो. कवितेतला बाजी अंतरातल्या ईश्वराच्या बळावर लढतो असे म्हणायचे तर कवितेच्या ओळी पुरेशा आहेत. पण वेढा कोणी घातला, लढाई कुठे झाली, हे त्याच ओळींच्या भरवशावर सांगता येत नाही. तिथे इतिहासाची साधने पाहावी लागतात. हाच प्रसंग रणजित देसाई यांच्या 'पावनखिंड' कादंबरीतही आहे. तिथल्या बाजींचे मनोगत कादंबरीकाराने रचलेले असते, म्हणून तो हेतू कादंबरीतल्या पात्राच्या नावावर मांडायचा.

कधी निवेदकही सांगावा लागतो. मूळचे आजऱ्याचे शिवाजी सावंत यांच्या 'मृत्युंजय'मध्ये (१९६७) कर्णाची कथा स्वतः कर्ण, कुंती, दुर्योधन, शोण, वृषाली आणि कृष्ण सांगतात. कर्ण दुर्योधनाला का धरून राहिला, याचे उत्तर कोणाच्या तोंडचे आहे हे न सांगता नुसता पृष्ठ क्रमांक दिला तर आधार अर्धाच राहतो.

आधार देण्याची रीत साहित्यप्रकारानुसार बदलते. कादंबरीसाठी पृष्ठ, पद्यनाटकासाठी अंक-प्रवेश-ओळ, दीर्घ कवितेसाठी ओळींचे क्रमांक देतात. इंग्रजी साहित्यात अमेरिकेच्या मॉडर्न लँग्वेज असोसिएशनची पद्धत रूढ आहे. तिच्या पुस्तिकेची पहिली आवृत्ती १९७७ ची, नववी २०२१ ची. या पद्धतीत मजकुरात कंसात लेखकाचे नाव आणि पृष्ठ येते, तर शेवटच्या यादीत ग्रंथाचा पूर्ण तपशील.

उच्च शिक्षणात आधार आणि श्रेय देण्याचा हा विषय नियमांच्या कक्षेत येतो. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार प्रबंधात इतरांच्या लेखनाशी दहा टक्क्यांपर्यंतच्या साम्याला दंड नाही. पुढे चाळीस आणि साठ टक्क्यांवर कारवाईचे टप्पे आहेत. रीतसर श्रेय देऊन घेतलेली अवतरणे आणि संदर्भसूची या मोजणीतून वगळली जातात.